दिसतंय, बघतोय की भेटतोय? इंग्रजीतला ‘सी’ नेमका कसा वापरायचा

‘सी’ म्हणजे पाहणे, हे आपण शाळेत पहिल्या काही शब्दांबरोबरच शिकतो आणि पुढे त्याच्याकडे फिरून बघत नाही. मोठ्या शब्दकोशात मात्र या शब्दाखाली अर्थांची लांबच लांब रांग असते : दिसणे, समजणे, भेटणे, तपासणे, सोडायला जाणे, निस्तरणे, तडीस नेणे. ही रांग पाठ करून काही हाती लागत नाही. मराठी माणसाची अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. आपल्याकडे ‘दिसणे’, ‘बघणे’ आणि ‘पाहणे’ ही तीन क्रियापदं जेवढं काम करतात, तेवढं काम इंग्रजीत सात-आठ क्रियापदांमध्ये वाटलेलं आहे. शिवाय ‘सी’ अशी काही कामं करतो, जी आपण ‘पाहणे’कडे कधी सोपवलीच नाहीत.

म्हणून या लेखात सुरुवात मराठी वाक्यापासून केली आहे. ‘इंग्रजीतच विचार करा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तिशी-चाळिशीत नोकरीसाठी इंग्रजी सुधारू पाहणाऱ्याच्या मनात आधी मराठी वाक्यच येणार. त्या वाक्याकडे नीट लक्ष दिलं, तर बरोबर इंग्रजी क्रियापद कोणतं हे बहुतेक वेळा तेच सांगतं.

पायरी १ : आधी ‘दिसणे’ आणि ‘बघणे’ वेगळे करा

‘बघितलं, पण दिसलं नाही.’ हे वाक्य मराठीत कोणालाही खटकत नाही, कारण दोन्ही क्रिया वेगळ्या आहेत हे आपल्याला उपजत माहीत असतं. बघणं हा प्रयत्न, दिसणं हे त्याचं फळ. इंग्रजीतही अगदी हीच विभागणी आहे : ‘आय लुक्ड, बट आय डिडन्ट सी इट.’ म्हणजे प्रयत्नाला ‘लुक’ आणि फळाला ‘सी’. आणि डोळे लावून, पुढे काय होतंय याकडे लक्ष ठेवून बघत राहणं म्हणजे ‘वॉच’.

हिवाळ्यात भिगवणला उजनी जलाशयावर रोहित पक्षी येतात. नावाडी बोट संथ करतो आणि हात करून म्हणतो, ‘तिकडं बघा.’ तुम्ही मान वळवता : ‘आय लुक्ड.’ दूर पाण्यात उभी असलेली गुलाबी-पांढरी रांग नजरेस पडते : ‘आय सॉ देम.’ मग चोच उलटी करून चिखल चाळणारे ते पक्षी तुम्ही अर्धा तास न्याहाळत बसता : ‘आय वॉच्ड देम.’ तिन्ही ठिकाणी मराठीत ‘पाहिले’ म्हटलं तरी चालतं, इंग्रजीत चालत नाही. म्हणूनच या छंदाला ‘बर्डवॉचिंग’ म्हणतात. गावोगावची ठिकाणं बघत हिंडणं मात्र ‘साइटसीइंग’, कारण तिथे एकेक ठिकाण बघून झालं की पुढे जायचं असतं.

वर्गात आपल्याकडे सर्रास ‘सी द ब्लॅकबोर्ड’ म्हटलं जातं. फळ्याकडे बघायला सांगणं म्हणजे प्रयत्न करायला सांगणं, म्हणून ‘लुक ॲट द ब्लॅकबोर्ड’. त्यातला ‘ॲट’ गाळू नका. मराठीतला ‘-कडे’ तिथे ‘ॲट’ होऊन येतो. ‘फळ्याकडे बघ’ म्हणताना आपण ‘-कडे’ गाळत नाही, तसाच तो.

जाता जाता एक गंमत. ‘जरा नजर टाकू’ या अर्थाने ब्रिटिश बोलीत ‘लेट्स हॅव अ डेको’ असं म्हणतात. हा ‘डेको’ म्हणजे हिंदीतला ‘देखो’. भारतात राहिलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या तोंडून एकोणिसाव्या शतकात तो तिकडे गेला.

सिनेमा आणि टीव्हीचं काय? टीव्ही नेहमी ‘वॉच’ करायचा, ‘सी टीव्ही’ म्हणायचं नाही. चित्रपटगृहात जाऊन सिनेमा पाहिला तर ‘सॉ अ फिल्म’, घरी बसून पाहिला तर बहुधा ‘वॉच्ड अ फिल्म’. मैदानावर जाऊन सामना पाहणं ‘सी’ आणि ‘वॉच’ दोन्हींत बसतं. पण ‘हा सिनेमा पाहिलायस का?’ असं विचारताना कुठे आणि कसा पाहिला हे महत्त्वाचं नसतं, तिथे निःशंक ‘हॅव यू सीन’ वापरा.

पायरी २ : ‘दिसतंय’चं ‘सीइंग’ करू नका

‘मला तो पक्षी दिसतोय’ याचं ‘आय ॲम सीइंग दॅट बर्ड’ होण्यामागे कारण सरळ आहे. ‘दिसतोय’ला आपण चालू काळ समजतो आणि चालू काळ आला की ‘आयएनजी’ लावायचं, असं शाळेत ठसलेलं असतं. पण डोळ्यांना दिसणं ही आपण करण्याची क्रिया नाही, ती आपोआप घडते. अशा ठिकाणी इंग्रजी माणूस ‘कॅन’ घेतो : ‘आय कॅन सी दॅट बर्ड.’ ‘मला नीट दिसत नाही’ म्हणजे ‘आय कान्ट सी प्रॉपर्ली’.

ऑनलाइन मीटिंगमध्ये याचा रोज उपयोग होतो. ‘माझी स्क्रीन दिसतेय का?’ याला आपल्याकडे ‘इज माय स्क्रीन व्हिजिबल?’ म्हणतात. व्याकरणात ते चुकीचं नाही, फक्त वाक्याची बांधणी मराठी राहिली आहे. मराठीत ‘मला स्क्रीन दिसते’ म्हणताना कर्ता स्क्रीन असते आणि माणूस ‘ला’ लावून बाजूला उभा असतो. इंग्रजीत माणूस कर्ता होतो : ‘कॅन यू सी माय स्क्रीन?’ ‘ॲम आय ऑडिबल?’च्या ऐवजी ‘कॅन यू हिअर मी?’ हेही त्याच धर्तीवर. ही अदलाबदल एकदा अंगवळणी पडली की बोलण्यातला निम्मा अवघडलेपणा जातो, असं मला शिकवताना वारंवार जाणवतं.

मग ‘सीइंग’ कधी बरोबर? जिथे अर्थ डोळ्यांनी दिसण्याचा नसतो तिथे. ‘आय ॲम सीइंग द डेंटिस्ट टुमॉरो’ म्हणजे उद्या दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय. ‘यू आर सीइंग थिंग्ज’ म्हणजे तुला भास होताहेत. ‘वी आर सीइंग मोअर ऑर्डर्स धिस मंथ’ म्हणजे या महिन्यात मागणी वाढलेली आढळतेय.

‘दिसणे’चा आणखी एक उपयोग इथेच मार्गी लावू. ‘आज छान दिसतेस’, ‘तो थकलेला दिसतोय’, ‘पाऊस येणारसं दिसतंय’ या वाक्यांत ‘सी’ला जागाच नाही. इथे ‘लुक’ येतो : ‘यू लुक नाइस’, ‘ही लुक्स टायर्ड’, ‘इट लुक्स लाइक रेन’. डोळ्यांनी न बघता नुसत्या अंदाजाने बोलत असाल, उदाहरणार्थ फोनवरच्या आवाजावरून तो थकल्यासारखा वाटला, तर ‘सीम्स’ किंवा ‘साउंड्स’.

पायरी ३ : ‘सॉ’ आणि ‘सीन’ यांतली निवड मराठीवर सोपवा

‘काल रायगड पाहिला’ आणि ‘रायगड पाहिलाय’ यांतला फरक मराठी कान चटकन पकडतो. पहिल्यात ठरावीक वेळ आहे, दुसऱ्यात नुसता अनुभव गाठीशी आहे. पहिलं ‘आय सॉ रायगड यस्टर्डे’, दुसरं ‘आय हॅव सीन रायगड’. काल, परवा, गेल्या वर्षी, लहानपणी असा वेळ सांगणारा शब्द आला की ‘सॉ’. वाक्य ‘-लाय, -लीय, -लंय’वर संपलं आणि वेळ सांगितलेली नसेल तर ‘हॅव सीन’. ‘डिड यू सॉ’ आणि ‘आय सीन’ ही दोन्ही रूपं मनातून पुसून टाका. ‘डिड’ आला की मूळ ‘सी’ परत येतो.

पायरी ४ : ‘चढताना पाहिलं’ म्हणजे नेमकं किती पाहिलं?

हा भाग क्लासमध्ये फारसा शिकवला जात नाही, म्हणून थोडं थांबू. ‘मी त्याला भिंत चढताना पाहिलं’ असं एखादा साक्षीदार म्हणाला, तर तो भिंत चढून पलीकडे गेला की नाही, हे या वाक्यावरून कळत नाही. इंग्रजीला इथे दोन वाटा आहेत.

‘आय सॉ हिम क्लाइम्बिंग द वॉल’ : माझी नजर गेली तेव्हा तो मध्येच होता. आधीचं आणि नंतरचं मी पाहिलं असेलच असं नाही.

‘आय सॉ हिम क्लाइम्ब द वॉल’ : सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पूर्ण चढलेला पाहिला.

मराठीतल्या ‘-ताना’मुळे आपण दरवेळी ‘आयएनजी’ लावतो आणि दुसरी वाट हातातून निसटते. पोलीस ठाण्यात जबाब देताना, विम्याचा दावा भरताना किंवा ऑफिसात एखाद्या प्रकाराचा अहवाल लिहिताना हा फरक खरोखर महत्त्वाचा ठरतो. अर्धी घटना पाहिली असेल तर ‘क्लाइम्बिंग’च लिहा, त्यापुढे जाऊ नका.

या रचनेत ‘टु’ घालायचा नसतो. ‘आय सॉ हिम टु क्लाइम्ब’ चूक. मात्र वाक्य कर्मणी झालं की ‘टु’ परत येतो : ‘ही वॉज सीन टु क्लाइम्ब द वॉल.’ बातम्यांत दिसतं ते ‘ही वॉज सीन क्लाइम्बिंग द वॉल’, म्हणजे आपलं ‘सीसीटीव्हीत तो भिंत चढताना दिसला’.

पायरी ५ : माणूस कर्म असेल तर ‘भेटणे’चा विचार करा

‘सी’नंतर माणूस आला की अर्थ पुष्कळदा डोळ्यांवरून भेटीवर सरकतो. सर्वांत जास्त गोंधळ दवाखान्यात होतो, कारण मराठीत आपण डॉक्टरांना ‘दाखवतो’. ‘आईला डॉक्टरांना दाखवलं’ याचं ‘आय शोड माय मदर टु द डॉक्टर’ झालं, तर ऐकणारा गोंधळतो. इंग्रजीत आई डॉक्टरांना ‘सी’ करते आणि डॉक्टरही आईला ‘सी’ करतात. ‘आय टुक माय मदर टु सी द डॉक्टर.’ ‘द डॉक्टर सॉ हर ॲट टेन’ म्हणजे दहा वाजता तपासलं. ‘द डॉक्टर विल सी यू नाउ’ म्हणजे तुमचा नंबर आला, आत चला.

ब्रिटनमध्ये मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांना तिथल्या रुग्णालयात ‘हॅव यू बीन सीन?’ असं विचारलं जातं. तुम्ही कोणाला दिसलात का, असा त्याचा अर्थ नाही. कोणी तपासलं का, एवढंच विचारायचं असतं. ‘यू विल बी सीन शॉर्टली’ म्हणजे थोड्याच वेळात तपासतील, बसा. जाण्याआधी ही दोन वाक्यं त्यांना जरूर शिकवून ठेवा.

पहिल्यांदा ओळख होताना ‘नाइस टु मीट यू’ म्हणायचं. त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत ‘नाइस टु सी यू’. आधी भेटलेल्या माणसाला पुन्हा ‘मीट’ म्हटलं, तर पहिली भेट विसरलात असा त्याचा समज होऊ शकतो.

निरोप घेताना ‘सी यू’ म्हणजे ‘भेटू’. ‘आय विल सी यू’ हेही तितकंच साधं, मैत्रीचं. मराठीतल्या ‘तुला बघून घेईन’शी त्याचा काही संबंध नाही. ती धमकी इंग्रजीत द्यायची तर शब्द वेगळे लागतात, ‘आय विल डील विथ यू’ अशा चालीचे.

आता लग्नाचा विषय. ‘रविवारी मुलगी बघायला जायचंय’ हे परदेशी सहकाऱ्याला ‘आय ॲम सीइंग अ गर्ल ऑन संडे’ असं सांगितलं, तर त्याच्या कानावर वेगळंच पडतं. इंग्रजीत ‘सीइंग समवन’ म्हणजे प्रेमसंबंध असणं. ‘आर यू सीइंग एनीवन?’ हा प्रश्न ‘तुझं कुणाशी जमलंय का?’ असाच घ्यायचा. बघण्याच्या कार्यक्रमाबद्दल सांगताना ‘मीट’ वापरा आणि दोन शब्द जास्त खर्च करा : ‘अवर फॅमिलीज आर मीटिंग ऑन संडे, इट्स फॉर अ पॉसिबल मॅच.’

पायरी ६ : ‘आय सी’ जपून वापरा

‘यात मला काही अर्थ दिसत नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा ‘दिसणे’ डोळ्यांवरून बुद्धीकडे गेलेलं असतं. ‘सी’ही तिकडे जातो, म्हणून हा वापर मराठी माणसाला सोपा जातो. ‘आय सी व्हॉट यू मीन’ म्हणजे तुम्ही काय म्हणताय ते लक्षात आलं. ‘आय डोन्ट सी व्हाय’ म्हणजे का, ते मला पटत किंवा कळत नाही. ‘डू यू सी द पॉइंट?’ म्हणजे मुद्दा ध्यानात आला का.

अडचण नुसत्या ‘आय सी’ची आहे. मराठीत ‘असं होय’ जसं आवाज चढवून म्हटलं तर कुतूहल वाटतं आणि सपाट म्हटलं तर नाराजी, तसंच त्याचंही आहे. मुलाखतीत समोरच्याच्या प्रत्येक वाक्याला सपाट आवाजात ‘आय सी, आय सी’ म्हणत राहिलं, तर ते कंटाळ्यासारखं ऐकू येतं. मधूनमधून ‘राइट’, ‘दॅट मेक्स सेन्स’, ‘आय अंडरस्टँड’ असे पर्याय घ्या.

‘हे बघा’ने वाक्य सुरू करायची आपली सवय इंग्रजीत ‘सी, द थिंग इज...’ अशी उतरते. भारतात हे कोणाला खुपत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र त्यात थोडा दरडावणीचा सूर वाटू शकतो. समजावून सांगायचं असेल तर ‘यू सी’ म्हणा. तो सौम्य आहे. ‘लुक’ने सुरू झालेलं वाक्य थेट अधीर वाटतं, भांडणाच्या तयारीचं.

पायरी ७ : ‘बघतो’ म्हणताना किती जबाबदारी घेताय?

कामाच्या ठिकाणी सगळ्यात जास्त घोळ घालणारा शब्द हाच. ‘बघतो’ या एका शब्दात मराठी माणूस ठाम होकारापासून सभ्य नकारापर्यंत काहीही सांगतो आणि ऐकणाऱ्याला चेहऱ्यावरून, आवाजावरून ते कळतं. ईमेलमध्ये चेहरा नसतो. इंग्रजीत जबाबदारीच्या प्रमाणात शब्द बदलतात.

‘आय विल सी’ यात काहीच कबूल केलेलं नाही. ‘वी विल सी’ हे तर आईने मुलाला खेळण्याच्या दुकानासमोर म्हटलेलं ‘बघू’. ‘आय विल सी व्हॉट आय कॅन डू’ यात प्रयत्नाचं वचन आहे, निकालाचं नाही. ‘आय विल सी अबाउट इट’ म्हणजे चौकशी करतो, कुठवर आलंय ते पाहतो. आणि ‘आय विल सी टु इट’ म्हणजे ते काम आता माझं, तुम्ही निश्चिंत राहा. क्लायंटला ‘टु’ लिहून पाठवलं आणि मनात ‘अबाउट’ होतं, तर दोन दिवसांनी तक्रार येणार आणि ती रास्त असणार. नुसतं ‘आय विल सी’ मात्र कामाच्या ईमेलमध्ये लिहूच नका. ‘आय विल चेक अँड टेल यू बाय मंडे’ लिहिलं की दोघांचंही भलं.

दुसऱ्याकडून काम नक्की करून घ्यायचं असेल तर ‘सी टु इट दॅट’ : ‘सी टु इट दॅट द गेट इज लॉक्ड.’ काम पुढे व्हायचं असलं तरी इथे ‘विल बी लॉक्ड’ येत नाही, साधा वर्तमानकाळच येतो.

‘मुलांना कोण बघतं?’ यात ‘सी’ अजिबात नको. सांभाळणं म्हणजे ‘लुक आफ्टर’ : ‘हू लुक्स आफ्टर द चिल्ड्रन?’

‘दार लावलंय का बघ’ यात मात्र ‘सी’ चपखल बसतो : ‘सी इफ द डोअर इज शट.’ वाक्यातला ‘का’ हा ‘इफ’ होतो.

आणि ‘करून बघ’, ‘खाऊन बघ’, ‘विचारून बघ’ यांतला ‘बघ’ डोळ्यांचा नाहीच, तो प्रयत्नाचा आहे. ‘ईट अँड सी’ म्हणू नका, ‘ट्राय सम’ म्हणा. ‘विचारून बघ’ म्हणजे ‘ट्राय आस्किंग हिम’. ‘वाट पाहणे’ म्हणजे ‘वेट फॉर’, ‘अंत पाहणे’ म्हणजे ‘ट्राय समवन्स पेशन्स’. मराठीत जिथे ‘पाहणे’ दुसऱ्या शब्दाला चिकटून एकच अर्थ सांगतं, तिथे ‘सी’ हातात घेण्याआधी थांबा.

पायरी ८ : मागे लागलेला छोटा शब्द

‘सी ऑफ’ म्हणजे निरोप द्यायला जाणं. ‘तिला विमानतळावर सोडायला गेलो’ यात नुसतं गाडीने पोचवलं असेल तर ‘ड्रॉप’, आत जाईपर्यंत थांबून हात हलवला असेल तर ‘सॉ हर ऑफ’. याच ‘सी ऑफ’चा दुसरा अर्थ पिटाळून लावणं, तोंड देऊन परतवणं असा आहे. क्रिकेटचं समालोचन ऐकणाऱ्यांना तो माहीत असेल : सलामीच्या जोडीने ‘सॉ ऑफ द न्यू बॉल’, म्हणजे नव्या चेंडूची चमक आणि धार जाईपर्यंत खेळून काढलं.

‘सी होम’ म्हणजे घरापर्यंत सोबत करणं, ‘सी आउट’ म्हणजे दारापर्यंत पोचवणं. पाहुणा ‘आय विल सी मायसेल्फ आउट’ म्हणाला, तर तो ‘तुम्ही बसा, उठू नका’ असं म्हणतोय.

आता ‘सी थ्रू’. शब्द तेच, पण जागा बदलली की अर्थ उलटतो. ‘शी सॉ थ्रू द प्लॅन’ म्हणजे तिने तो डाव ओळखला. ‘शी सॉ द प्लॅन थ्रू’ म्हणजे तिने ती योजना तडीस नेली. माणसाबाबतही तसंच. ‘आय सॉ थ्रू हिम’ म्हणजे त्याचं ढोंग माझ्या लक्षात आलं. ‘आय सॉ हिम थ्रू’ म्हणजे त्याच्या अडचणीच्या काळात मी त्याला पार पडेपर्यंत साथ दिली. ‘धिस मनी विल सी अस थ्रू द मंथ’ म्हणजे एवढ्या पैशांत महिना निभेल. लक्षात ठेवायची खूण एकच : ‘थ्रू’ आधी आला की नजर आरपार गेली, ‘थ्रू’ नंतर आला की काम किंवा माणूस पार पडला.

बाकीचे वाक्प्रचार भराभर. ‘सी रेड’ म्हणजे संतापाने लाल होणं. ‘सी स्टार्स’ म्हणजे डोळ्यांसमोर काजवे चमकणं. ‘सी सेन्स’ म्हणजे शहाणपण सुचणं. ‘सी आय टु आय’ म्हणजे एकमत असणं, आणि हा बहुधा नकारातच वापरतात. ‘ग्लॅड टु सी द बॅक ऑफ हिम’ म्हणजे एकदाची ब्याद टळली. ‘सीइंग दॅट इट इज लेट’ म्हणजे उशीर झालेला पाहता.

पायरी ९ : छापील इंग्रजीतला ‘सी’

पुस्तकात ‘सी पेज १२’ म्हणजे पृष्ठ १२ पाहा. वर्तमानपत्रात मात्र वर्षं, शहरं आणि बाजारसुद्धा ‘सी’ करतात. ‘सांताक्रूझ सॉ ९४४ मिलिमीटर्स ऑफ रेन ऑन २६ जुलै २००५’ असं वाक्य इंग्रजीत सहज येतं. पाऊस पडला, संप झाला, भाव घसरले असं आपण थेट सांगतो, तिथे इंग्रजी लेखक त्या ठिकाणाला किंवा काळाला साक्षी बसवतो. उलट दिशेने भाषांतर करताना ‘२००५ ने पाऊस पाहिला’ असं लिहू नका, ‘२००५ मध्ये पाऊस झाला’ एवढं पुरे. ‘मुंबईने अनेक पूर पाहिले’ मराठीतही शोभतं, पण प्रत्येक वाक्यात ते ओढून आणू नये.

‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ हे इंग्रजीत पावसासकट नेता येत नाही. ‘आय हॅव सीन मोअर ऑफ लाइफ दॅन यू’ म्हणा.

पायरी १० : सारखे दिसणारे, पण वेगळे

‘ओव्हरसी’ म्हणजे देखरेख करणं. सार्वजनिक बांधकाम खात्यातला ‘ओव्हरसिअर’ त्यातूनच आला. ‘ओव्हरलुक’ म्हणजे मात्र नजरेतून सुटणं किंवा काणाडोळा करणं, आणि खिडकीबद्दल बोलत असाल तर खालचं दृश्य दिसणं. ‘ओव्हरसाइट’ला दोन्ही अर्थ आहेत, देखरेख आणि नजरचूक. संदर्भ वाचूनच ठरवायचं.

आपल्या ‘शेर’ या जुन्या वजनाचं स्पेलिंग इंग्रज ‘सीअर’ असं करत आणि द्रष्टा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंगही हुबेहूब तेच आहे. जुने महसुली कागद इंग्रजीतून वाचताना फसू नका. बागेतला ‘सी-सॉ’ पाहण्यावरून आलेला नाही, करवतीच्या पुढे-मागे हालचालीवरून आलेला आहे. आणि पोपच्या पीठाला ‘होली सी’ म्हणतात त्यातला ‘सी’ लॅटिनमधल्या आसनवाचक शब्दाचा वंशज आहे. जुन्या गोव्यात १६१९ साली बांधून पूर्ण झालेलं ‘से कॅथेड्रल’ तुम्ही पाहिलं असेल. त्यातला पोर्तुगीज ‘से’ त्याच लॅटिन शब्दातून आला, अर्थ बिशपचं आसन.

सराव

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत म्हणा, मग उत्तरं वाचा.

‘चष्मा शोधला, पण दिसला नाही.’ ‘लाइट गेलेत का बघ.’ ‘बाबांना उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचंय.’ ‘तिला बसमध्ये चढलेलं मी पाहिलं.’ ‘तू काळजी करू नकोस, जेवणाचं मी बघतो.’ ‘त्याची थाप मी लगेच ओळखली.’ ‘हा रस्सा जरा चाखून बघ.’

पहिल्यात शोध आणि फळ : ‘आय लुक्ड फॉर माय ग्लासेस, बट आय कुडन्ट सी देम’ किंवा ‘फाइंड देम’. दुसऱ्यात ‘सी इफ द पॉवर इज आउट’. तिसऱ्यात ‘डॅड इज सीइंग द आय डॉक्टर टुमॉरो’, आणि हा ‘सीइंग’ अगदी बरोबर आहे. चौथ्यात ती पूर्ण चढली, म्हणून ‘आय सॉ हर गेट ऑन द बस’. ‘गेटिंग’ म्हटलंत तर ती पायरीवरच राहिली. पाचव्यात जबाबदारी घेतली आहे : ‘आय विल सी टु द फूड.’ सहाव्यात ‘आय सॉ थ्रू हिज लाय ॲट वन्स’, ‘थ्रू’ आधी. सातव्यात ‘सी’ नाहीच : ‘टेस्ट धिस करी.’